तार मेलेली आहे असं मीच सांगितलं होतं

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर,
वैशाखातला मंगळवार
(नक्की तारीख सांगणारं कॅलेंडर धाकट्या भावाकडं, सिदूच्या घरात आहे, आणि तिकडं गेलं की चहा घेतल्याशिवाय सुटका होत नाही.)

तीर्थरूप महारुद्र दाजींच्या चरणी मेहुणा महालिंगप्पा याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळं सध्या आठांपैकी सहाच अंगं वाकतात. उरलेल्या दोन अंगांचा नमस्कार भेटीत घालीन.) इकडं सर्व क्षेम आहे. तुमची शुगर खाली आणि कळंबच्या बाजारात हरभरा वर असेल अशी आशा करतो, उलटं नसावं. अक्काचे सांधे कसे आहेत ते कळवा. फोन सोडून पत्र का लिहितोय असं तुम्हाला वाटेल, तर तुमचा फोन अक्का उचलते आणि मग माझ्या वाट्याला फक्त ‘हूं’ म्हणणं येतं. शिवाय या पत्रात तुमच्यावर एक आरोप आहे, आणि आरोप लेखी असावा ही एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेल्या माणसाची सवय आहे.

आरोप असा, की झाल्या प्रकाराला मूळ कारण तुम्ही आहात. शिमग्याच्या सुमाराला मी तुमच्या आडतीच्या गादीवर बसून सिदूची तक्रार सांगत होतो, तेव्हा तुम्ही पोत्यात हात घालून हरभरा चाळवत म्हणालात, ‘‘महालिंगप्पा, भांडण तोंडानं मिटत न्हाय. मोजून टाका. काटा खोटं बोलत न्हाय.’’ तुमचा जन्म काट्यावर गेला, तुम्हाला ते बोलणं शोभतं. मी मात्र ते खरं मानून अणदूरला आलो आणि तिथून माझी साडेसाती लागली. (साडेसाती आता संपली आहे, घाबरू नका. पण पत्र पहिल्यापासून वाचा, शेवटचं पान आधी उघडायची तुमची खोड मला माहीत आहे.)

भांडण तुम्हाला अर्धंच माहीत आहे, कारण मी तुम्हाला माझ्याकडचंच अर्धं सांगितलं होतं. वडिलांच्या माघारी घरात मधोमध भिंत घालून माझं आणि धाकट्या सिदूचं अशी दोन घरं झाली. भिंत काळ्या दगडाची, हातभर जाड, कारण गवंडी नळदुर्गचा होता आणि लहानपणापासून किल्ला बघत वाढलेल्या माणसाला पातळ भिंत म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. भिंतीत एक खिडकी ठेवली, कालवणाच्या वाट्या इकडंतिकडं जायला. विजेचं मीटर मात्र वडिलांच्या वेळचं एकच राहिलं आणि बिल अर्धं-अर्धं. वर्षानुवर्षं कुणाची कुरकुर नव्हती. आमच्या गावचा देवसुद्धा काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला राहतो, त्यासाठी दोन गावांत रीतसर करार होतो आणि देवाचं कधी कुणाशी वाजत नाही. पण माणसाचं डोकं देवासारखं थंड कुठून असणार? संक्रांतीनंतर बिल असं काही फुगलं की मी पारावरच्या हॉटेलात चार माणसांत बोलून गेलो, की धाकट्याच्या घरात माणसांपेक्षा पंखे जास्त झालेत. ते सिदूपर्यंत पोचलं. (अणदूरमध्ये बातमी पोचवायला वायफाय लागत नाही.) त्यानं त्याच हॉटेलातून उलट निरोप पाठवला, ‘‘दादा रिटायर झाल्यापासनं दिवसभर टीव्ही बघत्यात. टीव्ही काय पाण्यावर चालतो व्हय?’’ झालं. मी खिडकीवर पत्रा ठोकला. आमचा अबोला सुरू झाला. आमच्या बायकांनी, म्हणजे माझ्या कडूबाईनं आणि सिदूच्या नागरबाईनं, आम्ही सांगितलं त्याच दिवशी एकमेकींशी बोलणं टाकलं. (इतकी वर्षं संसार करून, सांगितलेलं इतक्या लगेच ऐकलं गेलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

हेही चाललं असतं, पण मधेच आरोहीचं लग्न जुळलं. दाजी, मला एकटा उत्कर्ष, तोही पुण्याला. लेक नाही. आरोही सिदूची खरी, पण माझ्या कंट्रोल केबिनमध्ये बिस्किटं खात आणि गाड्यांच्या पाट्या वाचत लहानाची मोठी झालेली. मुळाक्षरं ती शाळेआधी तुळजापूरच्या स्टँडवर शिकली. आपल्यात साखरपुड्याला थोरल्या चुलत्यानं पाटावर बसून ‘आमची लेक तुमच्या घरी दिली’ असा शब्द द्यायचा असतो. साखरपुडा ठरला, हलवायाला सांगून झालं, पण तू बसशील का असं मला कुणी विचारलं नाही. मी गावात सांगत होतो, की बोलावलं तरी जाणार नाही. खरं सांगायचं तर मला जेवण गोड लागत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की यंत्रानं सिदूला खोटं पाडावं, त्यानं दारात येऊन ‘चुकलो दादा’ म्हणावं आणि मी मोठ्या मनानं ‘असू दे’ म्हणून पाटावर जाऊन बसावं.

तर यंत्र आलं. उत्कर्षनं पुण्याहून पाठवलं. साबणाच्या डबीएवढी पांढरी डबी आणि तिला वायरला लावायचे तीन काळे चिमटे. एक चिमटा मीटरमधून येणाऱ्या मोठ्या तारेला, एक माझ्या घराच्या तारेला, एक सिदूच्या. कुठं किती वीज चालली ते डबी वायफायवरून मोबाईलमध्ये दाखवणार. बसवायला नळदुर्गचा वसीम आला. त्याच्या वडिलांनी, दादामियाँनी, आमच्या घरची मूळची वायरिंग केलेली, त्यामुळं तो बोर्डापुढं घरच्यासारखा उभा राहिला. बोर्ड माझ्याच पुढच्या खोलीत आहे. त्यानं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि विचारलं, ‘‘काका, ये तिसरी वायर किधर जाती?’’ मी म्हणालो, ती मेलेली तार आहे, मागच्या गोठ्यात वडिलांच्या काळी कडबा तोडायची मशीन होती तिची. आता गोठ्यात सरपण आणि भंगार आहे, म्हैससुद्धा अंगणात लिंबाखाली असते. वसीमनं एकदा तारेकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि वयाचा मान ठेवून चिमटे काढायला लागला. त्यावर मी कडूबाईला आणि गल्लीत जमलेल्या सगळ्यांना मोठ्या आवाजात समजावून सांगितलं, की या डबीला दोनच घरं कळतात, तिसरी तार मेलेली आहे. हे वाक्य लक्षात ठेवा.

मोबाईलमध्ये आकडे तर आले, पण पहिल्याच दिवशी माझ्या घराचा आकडा उणे. सिदूचा अधिक, माझा उणे. मी त्याचा सरळ अर्थ लावला, की आम्ही इतकी काटकसर करतो की वीज उरून मागं जाते. तसं पारावर जाऊन सांगितलंही, आणि तिथं बसलेल्या गुंडाप्पानं ‘मग आमच्याकडं पण थोडी सोडा’ म्हणून हात जोडले. संध्याकाळी वसीम आला, हसला आणि माझा चिमटा उलटा बसलाय म्हणून फिरवून गेला. तेव्हापासून गुंडाप्पा मला ‘वीज मंडळ’ म्हणून हाक मारतो.

खरी पंचाईत त्याच्या आधीची आहे, ती सांगायची राहिली. डबीला वायफाय पाहिजे आणि माझ्याकडं वायफाय नाही. अख्ख्या गल्लीत ते फक्त सिदूकडं, आरोही घरून कंपनीचं काम करते म्हणून. म्हणजे ज्याची चोरी पकडायची त्याच्याकडंच कंदील मागायला जायचं! आणि बोलणं तर बंद. तुम्हाला आपली रीत माहीत आहे, अबोला असला तरी घर चालावं लागतं, म्हणून मधे कुणाला तरी धरून बोलतात. मी अंगणात गेलो आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणालो, ‘‘काय गं, एखाद्याला वायफायचा पासवर्ड लागला तर लोक देतात का गं?’’ भिंतीपलीकडं सिदू मोटारसायकल पुसत होता. तो मोटारसायकलीला म्हणाला, ‘‘गाडे, कुनाला कशाला पायजे आधी इचार.’’ मी म्हशीला म्हणालो, वीज मोजायला. तो गाडीला म्हणाला, ‘‘मोजा म्हनावं. आमाला काय भ्या हाय?’’ पण पासवर्ड काही सांगेना. नुसताच गाडीचा आरसा पुसत राहिला, आधी उजवा, मग डावा, मग परत उजवा. शेवटी आरोही बाहेर आली, कानापर्यंत लाल झालेली, आणि वसीमच्या कानात पुटपुटली. वसीमनं डबीपाशी बसून एकेक इंग्रजी अक्षर उच्चारत टाकलं. शेवटचं अक्षर पडेपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं, की माझ्या सख्ख्या भावाच्या वायफायचा पासवर्ड ‘दादाकंजूस’ आहे. मी संतापलो. काठी शोधली. तेवढ्यात वसीम म्हणाला, ‘‘लेकिन काका, दादाचा डी बडा डाला है.’’ बघितलं, तर खरंच, बाकी सगळं बारीक आणि तेवढं एक अक्षर मोठं. म्हणजे शिवी दिली तरी मान ठेवून दिली होती. मी काठी परत ठेवली.

पासवर्ड लागला तरी डबीचा निळा दिवा लुकलुकतच राहिला. नळदुर्गच्या गवंड्याची भिंत वायफायला ऐकेना. वसीम मोबाईल घेऊन खोलीभर फिरला आणि खिडकीपाशी थांबला. म्हणाला, वाट इथूनच आहे, पण पत्रा अडवतोय. मी म्हणालो, पत्रा निघणार नाही. तो म्हणाला, मग मोजणी होणार नाही. दाजी, मी तत्त्वाचा माणूस आहे, पण मोजणीसुद्धा तत्त्वासाठीच होती. तेव्हा फक्त रेंजपुरता पत्रा काढायचा असं मी म्हशीला स्पष्ट सांगितलं आणि खिळे उपसायला लागलो. शेवटच्या खिळ्याला पत्रा कलंडला, माझ्या पायावरच यायचा, पण पलीकडून कुणीतरी धरला. बघतो तर सिदू. दोघांनी मिळून तो खाली ठेवला. मी छताकडं बघत होतो, तो जमिनीकडं. केस फारच पिकलेत त्याचे. निळा दिवा स्थिर झाला.

त्यानंतर आमचा धंदाच तो झाला. डबी सिदूच्या वायफायवर बसली म्हणून आरोहीनं ती बापाच्या मोबाईललाही जोडून दिली, न्याय तो न्याय म्हणाली. (आता मला वाटतं, त्या पोरीला पुढचं सगळं दिसत होतं.) मग मी खिडकीच्या अलीकडं आणि तो पलीकडं, दोघंही मोबाईल धरून. त्याचा पंखा लागला की मी खाकरायचो, माझा टीव्ही लागला की तो खाकरायचा. मी टीव्ही बंद करून बातम्या त्याच्या टीव्हीवरच्या ऐकायला लागलो, खिडकीतून स्पष्ट ऐकू येतात. त्यानं पाणी तापवायचं सोडून गार पाण्यानं आंघोळ धरली आणि शिंकायला लागला. एवढं करून दोन्ही घरांचे आकडे जवळजवळ सारखे! मला भलतंच वाईट वाटलं. पण एक गोष्ट खटकत होती. दुपारी जेवणं झाली की मोठ्या तारेच्या चिमट्याचा आकडा टुणकन वर जायचा आणि दोन घरांची बेरीज मात्र जागची हलत नव्हती. गाडीत प्रवासी जास्त आणि तिकिटं कमी, म्हणजे कुणीतरी फुकट बसलाय, हे कळायला मला यंत्र लागत नाही. मी बेरीज दोनदा करून पाहिली आणि म्हशीकडं जायला उठलो, तेवढ्यात खिडकीतून थेट माझ्या तोंडावर आवाज आला, ‘‘दादा, चोर हाय!’’

गाडी नाही, म्हैस नाही, सरळ दादा. शिमग्याच्या आधीपासून तो शब्द कानावर नव्हता. मी एवढंच म्हणालो, ‘‘मलाबी तसंच वाटतंय, सिदू.’’ आणि आम्ही दोघं निघालो, मी काठी घेऊन, तो मोठा पाना घेऊन. चोर कोण यावर जिन्यातच आमचं एकमत झालं (गुंडाप्पा). माळवदावर चढताना त्यानं मला खालून आधार दिला, वर गेल्यावर मी त्याला हात दिला. बोर्डापासून निघालेली प्रत्येक तार हातानं चाचपत गेलो. गुंडाप्पाच्या घराकडं एकही तार जात नव्हती, त्यामुळं थोडी निराशा झाली. एक तार मात्र माळवदावरून सरळ मागं, गोठ्याकडं उतरत होती. मेलेली तार. हात लावला तर सिदू ओरडला, ‘‘दादा, कोमट हाय!’’ गोठ्याचं दार बंद. आतून मोटारीची घरघर आणि तिच्यावर ताण करणारं बायकांचं खिदळणं. सिदूनं पाना उगारला, मी ‘कोण आहे रे तिकडं’ असा स्टँडवरचा आवाज लावला आणि दोघांनी मिळून दाराला खांदा दिला. दार नुसतंच लोटलेलं होतं, कडी लागतच नाही त्याची, आम्ही दोघं एकदम आत जाऊन पडलो.

आत माझी बायको आणि त्याची बायको एकाच पोत्यावर मांडीला मांडी लावून बसलेल्या. मधे शेवया पाडायचं मोटारीचं यंत्र. गोठ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर शेवया, खाली चादरींवर पापड, कुरडया, सांडगे. सगळं आरोहीच्या रुखवताचं. मी धाप टाकत विचारलं, तुमचा अबोला होता ना? कडूबाईनं मान वर न करता सांगितलं, ‘‘व्हता की. घरात व्हता. गोठ्यात कोन म्हनलं व्हतं?’’ मग हळूहळू कळलं. संक्रांतीला आरोहीचं स्थळ आलं तेव्हाच दोघींनी यंत्र आणलं होतं. पण मी नेमकं त्याच आठवड्यात जाहीर केलं, की या मीटरवर आता एक जरी मोटार वाढली तर तार उपटीन, म्हणून त्यांनी ते गोठ्यात दडवलं. बिल फुगलं, आम्ही भांडलो, आणि भांडणाचं कारण आपणच म्हटल्यावर दोघींची सांगायची छाती होईना. नागरबाईच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, ‘‘डबी बसवली तवा लई भ्या वाटलं भावजी. पर तुमीच म्हनला, तिला दोनच घरं कळत्यात.’’

मी रागावणारच होतो. सवयीनं तोंड उघडलंही होतं. पण कोपऱ्यात एका पाटावर बिस्किटांचं काहीतरी बांधलेलं दिसलं. जवळ जाऊन बघितलं तर एस.टी. स्टँड! फलाट, गाड्या, सगळं बिस्किटांचं, आणि केबिनमध्ये माइकपुढं बसलेला कणकेचा एक टोपीवाला माणूस, पोट जरा जास्तच पुढं. आरोहीनं केलेलं, तिच्या रुखवतात मधोमध मांडायला. सिदू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. शेवयांकडं बघत म्हणाला, ‘‘दादा, शब्द तुमीच द्यायचा न्हवं? का म्या आडून बसू?’’ मी म्हणालो, ‘‘मी जिता असताना दुसरा कोन देतोय बघतोच.’’ त्यावर आम्ही दोघं जे हसायला लागलो ते थांबेचना, शेवटी कडूबाईनं आमच्या हातात ओल्या शेवया दिल्या आणि वाळत घालायला लावलं. (डोळ्यांतून पाणी आलं ते हसून आलं. लोक काही सांगतील.)

तेव्हा दाजी, तुमचा काटा खोटं बोलत नाही हे मला मान्य, पण भांडण मोजून मिटतं हे मान्य नाही. हिशोब जुळला असता तर आम्ही अजून खिडकीत खाकरत बसलो असतो. जुळला नाही म्हणून मिटलं. बिल पूर्वीसारखं अर्धं-अर्धं आहे. डबी आहे तिथंच आहे आणि ती आता कडूबाईच्या ताब्यात आहे. सिदूकडं पाणी तापायला लागलं की तिला मोबाईलवर दिसतं, मग ती चहा टाकते आणि तो आंघोळ करून खिडकीशी येईपर्यंत कप तयार असतो. वसीमला साखरपुड्याचं आमंत्रण दिलंय. गुंडाप्पालाही दिलंय, त्याच्यावर संशय घेतला होता हे त्याला सांगायचं नाही असं ठरलंय.

अक्काला नमस्कार. पोराबाळांना आशीर्वाद. तुमच्या आडतीवर तराजू आणि जिभेवर साखर कायम राहो, एवढं खंडोबाला मागून लेखणी ठेवतो.

तुमचा,
महालिंगप्पा

ता.क. पत्र लिहिण्याचं खरं काम राहूनच गेलं. चार दिवसांपासून माझा घसा पार बसलाय. उन्हाळ्याची धूळ, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. तेव्हा साखरपुड्याला शब्द माझ्याऐवजी तुम्हीच द्यावा, तुम्ही घरातले थोरले जावई, कुणी नाव ठेवणार नाही. मी शेजारी बसून मान हलवीन. याची चर्चा अक्काजवळ करू नये.

ता.क. दुसरा. दाजीस्नी कडूबाईचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हनून लिवते. ह्यांचा घसा ठनठनीत हाय, डाक्टरकडं गेलेच न्हाईत, सकाळधरनं म्हशीवर आरडत्यात. पर रोज मागच्या खोलीत दार लावून शब्द पाठ करायला बसत्यात, ‘आमची लेक’ एवढं म्हनत्यात आन् थांबत्यात. फुडचं त्यांच्यानं होईना. तवा तुमी आदल्या दिशी या, ह्यांच्या शेजारी बसा आन् ‘तुमच्या घरी दिली’ तेवढं तुमी म्हना. ‘आमची लेक’ मातुर त्यांनाच म्हनू द्या.